श्रीखंडाचे माप

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दह्याचा पंचा खुंटीला टांगीत असता पुतणीने विचारले, "काकू, चक्क्याइतकी साखर म्हणजे वाटीने की वजनाने?" प्रश्न साधा होता, परंतु आमच्या घरी तीन पिढ्या तोंडी चालत आलेल्या कृतीत त्याचा खुलासा कोणीच केलेला नाही, हे त्या क्षणी माझ्या प्रथमच ध्यानात आले.

सकाळी आम्ही तराजू मांडला. दीडशे मिलिलिटर पाणी मावणारी वाटी घट्ट चक्क्याने दाबून भरली, तर तो सुमारे १५५ ग्रॅम भरला. त्याच वाटीत दाणेदार साखर १२८ ग्रॅमच्या आसपास मावली, आणि दळलेली साखर तर चक्क्याच्या जेमतेम निम्म्या वजनाची. म्हणजे "समान साखर" हे एकच वचन तीन घरांनी निष्ठेने पाळले, तरी श्रीखंडाच्या गोडीत जमीन-अस्मानाचे अंतर पडावयाचे. चक्का चमच्याने सैल भरला, तर मध्ये राहिलेल्या पोकळ्यांचाही हिशेब वाटी चक्क्याच्याच नावे मांडते.

या संभ्रमाचे मूळ आपल्या जुन्या व्यवहारात आहे. शेर हा एकच शब्द वजनालाही होता आणि मापालाही. मापी शेराची दोन मापटी, चार चिपटी, व अशा चार शेरांची पायली. तिने ज्वारी-तूर मोजली जाई, आणि वजनी शेराचे सोळा छटाक तागडीत पडत. त्यातही पायली गावोगाव बदले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी वजन-मापांचा कायदा मंजूर झाला, आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनांचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला. कायद्याने वजनाला किलो व मापाला लिटर अशी निराळी नावे मुक्रर केली. बाजार शिस्तीला लागला, स्वयंपाकघर मात्र वाटीपाशीच थांबले.

वाटीचा मी अव्हेर करीत नाही. तांदळाला दुप्पट पाणी घालावयाचे, तर तिच्याइतके सोयीचे साधन नाही. परंतु चक्का, खवा, कुस्करलेले पनीर हे पदार्थ दाबले तर दबतात, किसले तर फुलतात. त्यांच्याबाबत तराजूच प्रमाण मानावा. परदेशी कृतीतील मऊ चीजचीही हीच गत आहे: अमेरिकेचा कप २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, आणि असा कपभर पदार्थ २२५ ते २५० ग्रॅमच्या दरम्यान कोठेही भरू शकतो.

तरीही केवळ वजन लिहून भागत नाही. चार तास निथळलेल्या व रात्रभर निथळलेल्या चक्क्याच्या एका किलोत पाणी सारखे नसते. आणि परभणीच्या चैत्रातील उकाड्यात पंचा बाहेर फार वेळ राहिला, तर चक्का आंबट होऊन साखर अधिक मागतो. सबब कृतीत निथळण्याचा अवधीही नोंदवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आमच्या सासूबाई दाणेदार साखर वाटीनेच घेत असत. म्हणून पुतणीने वहीत लिहिले: चक्का ५०० ग्रॅम, साखर ४१० ग्रॅम, आठ तास टांगलेला. सासूबाईंची वाटी कधीतरी हरवेल. त्यांच्या हातची गोडी आता हरवणार नाही.