कुलूपबंद मराठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणकीय कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. बड्या कंपन्या नवी यंत्रे घेतील. गिरगाव, दादर, परळ भागांत लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक जुळवणाऱ्या लहान डीटीपी व्यावसायिकांची अडचण मात्र निराळी आहे. त्यांचे अनेक वर्षांचे मराठी काम विंडोजसाठीच लिहिलेल्या आज्ञावल्यांत अडकलेले आहे. यंत्र बदलल्यावर त्या चालतीलच याची शाश्वती नाही.

यावर एक उपाय उपलब्ध आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘वाईन’ या मुक्त आज्ञावलीची १.० ही आवृत्ती २००८ मध्ये आली. ‘फाईल उघड’, ‘अक्षर काढ’ अशा ज्या मागण्या विंडोजवरील आज्ञावली करते, त्या वाईन स्वीकारते आणि लिनक्सकरवी पुऱ्या करते. यजमान बदलल्याचे पाहुण्याला कळतही नाही! या खटाटोपाला चोरी म्हणता येणार नाही. आज्ञावली कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती दुसऱ्या आज्ञावलीशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक, आणि अन्यत्र सहज न मिळणारी, माहिती मिळवण्याची मुभा भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

तथापि, वाईनवर सारा भरवसा टाकणे शहाणपणाचे होणार नाही. अनेक जुन्या मराठी आज्ञावल्या यंत्राला जोडलेल्या ‘डोंगल’ नावाच्या कुलपाशिवाय उघडत नाहीत आणि ते कुलूप वाईनखाली बहुधा ओळखले जात नाही. दुसरा दोष अधिक खोल आहे. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट नसेल, तर मजकुराचा निव्वळ गोंधळ उरतो. शोध घेणेही अशक्य होते. देवनागरीला स्वतःचे स्थान देणारे युनिकोड १९९१ पासून अस्तित्वात असताना ही स्थिती राहावी, हे शोचनीय आहे.

म्हणून जुनी यंत्रे चालू आहेत तोवरच सर्व मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेतला पाहिजे. वाईनचा खरा उपयोग या संक्रमणापुरता आहे. विक्रेत्यांनी बंद केलेल्या आवृत्त्यांची कुलपे काढावीत आणि जुन्या फॉन्टांचे तक्ते खुले करावेत. शासनाने व ग्रंथालयांनी छपाईचे काम देताना युनिकोड प्रतीचा आग्रह धरावा. ग्राहकाने पैसे मोजून विकत घेतले ते साधन. त्यावर घडवलेला मजकूर त्याचा स्वतःचा आहे.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथील शिशाच्या खिळ्यांनी छापलेली पुस्तके आजही कोणत्याही यंत्राची परवानगी न घेता वाचता येतात. वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेची फाईल तेवढीही टिकू नये, याला प्रगती कसे म्हणावे?