सौद्यातली दोन गुपिते

नवी क्रूझर घ्यावी की वापरलेली, या प्रश्नावर आमचे जवळजवळ दोन महिने गेले. प्रश्न क्षुल्लक आहे, हे मान्य. परंतु भावाची घासाघीस हाही भाषेचाच व्यवहार आहे आणि त्यात कोण काय बोलतो यापेक्षा कोण काय दडवतो याला अधिक महत्त्व असते. त्या अंगाने या दोन महिन्यांकडे पाहावे, असे आम्हांस वाटले.

क्रूझरला मराठी प्रतिशब्द नाही आणि तो घडवावा असा आमचा आग्रहही नाही. बैठक खाली, पाय पुढे, पाठ ताठ, हँडल आपल्याकडे वळलेले. अंगणातल्या आरामखुर्चीला इंजिन लावावे तशी ही गाडी. आपल्याकडे २००१मध्ये बजाजची एलिमिनेटर आली, २००२मध्ये एनफील्डची थंडरबर्ड, २००५मध्ये अ‍ॅव्हेंजर आणि नोव्हेंबर २०२०मध्ये मीटिअर ३५०. मीटिअरच्या बैठकीची उंची ७६५ मिलिमीटर आहे. गुडघे कुरकुरू लागलेल्या वयात हा आकडा इंजिनाच्या शक्तीपेक्षा अधिक मोह घालतो, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

नवी गाडी पाहायला आम्ही एका दालनात गेलो. तेथे भाव ही छापील संहिता असते. तिला पाठभेद नाहीत. घासाघीस करायचीच तर ती तळटीपांशी करावी लागते. २०१८च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीबरोबर तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, हे खरे. पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवू शकते, ही गोष्ट आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ‘हाताळणी खर्च’ नावाची एक ओळ पावतीवर होती. ती कशासाठी, असे विचारताच ती नाहीशी झाली. लेगगार्ड आणि हेल्मेट पदरात पडले. मूळ भाव मात्र जागचा हलला नाही. समोरचा तरुण दर वाक्याला ‘सर’ म्हणत होता आणि त्याच्या घरी काय शिजते हे आम्हांला कळण्याची काही सोय नव्हती. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

वापरलेल्या गाडीचे वाचन मात्र करावे लागते. टायरच्या कडेला चार अंक कोरलेले असतात: २३२२ असतील तर तो टायर २०२२च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी २०२४ची आणि टायर २०२२चा, किंवा गाडी कमी फिरल्याचे सांगणे आणि टायर मात्र नुकताच बदललेला, अशी विसंगती आढळली की कान टवकारावेत. विक्रेत्याच्या दारी न सांगता थोडे लवकर जावे आणि इंजिनाला हात लावून पाहावे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते का, हे त्याने आधीच तापवून ठेवलेल्या गाडीवर कळत नाही. शॉकअपवर तेलाचा ओघळ, फूटरेस्टचे घासलेले टोक, चासी क्रमांक आरसीशी जुळतो की नाही, बँकेचा बोजा उतरला आहे की नाही, हे सारे पाहावे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. बैलबाजारात जाणता शेतकरी बैलाचा ओठ खाली ओढून दात पाहतो आणि आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असे वय सांगतो; मालकाच्या तोंडापेक्षा बैलाचे तोंड त्याला अधिक विश्वासार्ह वाटते. टायरवरचे ते चार अंक म्हणजे गाडीचे दातच.

या सर्व खटाटोपामागील तत्त्व जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७०मधील एका निबंधात मांडले आणि २००१च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. उदाहरण जुन्या मोटारींचेच होते. विक्रेत्याला गाडीची खोड ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. म्हणून गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करते. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून काढता पाय घेतो आणि खोडकर गाड्याच उरतात. विवेचन बिनतोड आहे. आमची तक्रार इतकीच, की त्यात गुपित एकाच बाजूला आहे. आपल्या गल्लीतल्या सौद्यात दुसरेही एक गुपित असते: विकणाऱ्याची गरज. ते विक्रेता दडवतो आणि गिऱ्हाईक हुडकते. घासाघिशीत मुरलेला माणूस इंजिनापेक्षा ते अधिक बारकाईने ऐकतो.

हे आम्ही स्वतः केले आहे, म्हणून लिहितो. साडेतीनशे सीसीची, २०२२ची एक क्रूझर पाहायला आम्ही एका स्नेह्यांना घेऊन गेलो. मालक पंचविशीतला. त्याने १,६५,००० सांगितले. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे. करापूर्वी १०० रुपयांची गाडी १२८ऐवजी ११८ला मिळते, म्हणजे नवीच गाडी सुमारे आठ टक्क्यांनी उतरली, हे आम्ही त्याला दाखवले. त्याने आपली जुनी पावती काढली, थोडा वेळ पाहिली, आणि दहा हजार सोडले. मागचा टायर, चेन किट, ब्रेकपॅड आणि सर्व्हिसिंग मिळून बारा हजारांचा खर्च दिसत होता. तोही त्याने मान्य केला. १,४३,०००वर येऊन आम्ही थांबलो होतो आणि प्रत्येक रुपया कशापायी उतरला हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. म्हणाली, “सोमवारी धाकटीची फी भरायची आहे हो सर. तेवढ्यासाठीच काढतोय गाडी, नाहीतर कुणाला हात लावू देत नव्हता.” मुलाने खाली पाहिले. आमच्या स्नेह्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठले. “बरं, घरी बोलून कळवतो.” बाहेर आल्यावर आम्हांला म्हणाले, “आता रविवारपर्यंत फोन करू नका.” आम्ही केला नाही. रविवारी संध्याकाळी त्याचाच आला. “सर, तुम्ही किती म्हणताय?” गाडी १,३०,०००ला आमची झाली.

त्या तेरा हजारांना टायर नाही, चेन नाही, कर नाही. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, तेव्हा निदान दोघांचे हात रुमालाखाली असत. येथे एकाचा हात उघडा पडला होता आणि तो त्याने स्वतः उघडला नव्हता.

यावर उत्तरे तयार आहेत. तुम्ही नसता घेतली तर दलालाने याहून कमी दिले असते. विक्रेतेही घासाघीस गृहीत धरून भाव फुगवूनच सांगतात. गरज कोणाला नसते, तुम्हांलाही स्वस्त गाडीची होतीच. ही उत्तरे खोटी नाहीत आणि स्नेह्यांनी ती आम्हांला वाटेतच ऐकवली. तरीही आमचे मत असे, की फुगवलेला भाव जेथवर बोट ठेवता येते तेथवरच उतरवावा. दालनात विक्रेत्याची गरज दिसत नाही, म्हणून आपण तेथे मुकाट्याने छापील किंमत मोजतो; आणि जेथे ती चहाच्या कपासोबत बाहेर येते, तेथे आपल्याला व्यवहारज्ञान सुचते. वापरलेली गाडीच घ्यावी, असे आम्ही आजही म्हणू. गाडी तपासण्याचे कष्ट घेणाऱ्याला तीत अधिक मोल मिळते. मात्र तेरा हजार वाचवले असे म्हणताना आमची जीभ अडखळते.

सोमवारी सकाळी त्याने २९ आणि ३० क्रमांकांच्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले आणि दोन्ही किल्ल्या दिल्या. आम्ही गाडीवर बसल्यावर तो मागून धावत आला. “सर, एक सांगायचं राहिलं. फार पावसात साइड स्टँडचा स्विच ओला होतो, गाडी एकदम बंद पडते. घाबरू नका. स्टँड दोन-तीनदा खालीवर करा, होते चालू.” हे आम्ही तपासणीत पकडले नव्हते. स्नेही शेजारीच उभे होते. त्यांनी फक्त हेल्मेटचा पट्टा लावला.