आधी विचारा, मग सुई टोचा

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात माणसे पाच आणि मते दहा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. पुढे त्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तेव्हापासून हा विषय आमच्या बाकावर अधूनमधून निघतोच. परवा बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही तावातावाने म्हणाले, "दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला विचारायचे कशाला? दंड धरायचा, सुई टोचायची. पोलिसाला कसली परवानगी नि कसला न्यायाधीश!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे लिहीत आहे.

स्नेह्यांनी एका वाक्यात निकालात काढलेला हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९५७ पासून पुन्हा पुन्हा हाताळावा लागला आहे. तिथल्या घटनेत १७९१ मध्ये जी चौथी दुरुस्ती झाली, ती सांगते की सरकारने कुणाचीही अवाजवी झडती घेऊ नये, आणि झडतीचे वॉरंट हवे असेल तर शपथेवर सबळ कारण सांगावे. घराची, कपाटाची झडती आपल्याला समजते. पण सुई टोचून शिरेतून रक्त काढणे हीसुद्धा झडतीच, आणि तीही माणसाच्या शरीराची, हे तिथे मान्य झालेले आहे. मग वॉरंट न घेता पोलिसाला ती करता येईल का, एवढाच वाद.

१९६६ चा श्मर्बर खटला यातला पायाचा दगड. लॉस एंजेलिसमध्ये याची मोटार झाडावर आदळली. इस्पितळात, वकिलाच्या सल्ल्याने तो नको म्हणत असताना, पोलिसांच्या सांगण्यावरून डॉक्टरने रक्त काढले. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. अपघाताची पाहणी आणि इस्पितळापर्यंतची धावपळ यात वेळ गेला होता, रक्तातली दारू उतरत होती, न्यायाधीश शोधायला सवड नव्हती, असे कारण दिले. दुसरा मुद्दा असा की रक्त ही काही 'साक्ष' नव्हे, त्यामुळे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग होत नाही. आपल्याकडेही मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी १९६१ मध्येच म्हटले होते की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. दोन्ही देशांची न्यायालये इथे एकाच वाटेने गेली.

पण श्मर्बरचा निकाल त्या एका प्रसंगापुरता होता. पुढे काही राज्यांत त्याचा सोयीचा अर्थ लावला गेला: दारू तर प्रत्येकाच्याच रक्तातून उतरते, म्हणजे प्रत्येक वेळी घाईच, म्हणजे वॉरंट कधीच नको! हा अर्थ २०१३ मध्ये मॅकनीली खटल्यात मोडीत निघाला. मिसूरी राज्यात ऑक्टोबर २०१० मधल्या एका रात्री दोनच्या सुमाराला पोलिसाने मॅकनीलीची गाडी अडवली. श्वासाची चाचणी द्यायला तो तयार होईना. त्याला इस्पितळात नेले आणि अर्ध्या तासाच्या आत, त्याचा नकार असताना, रक्त काढले. दारूचे प्रमाण ०.१५४ टक्के निघाले. तिथली मर्यादा ०.०८. म्हणजे माणूस प्यालेला होता यात शंका नाही.

तरीही न्यायालय म्हणाले, हे चालणार नाही. दारू उतरते हे खरे, तासाला साधारण ०.०१५ ते ०.०२ टक्के या गतीने उतरते. पण ही गती ठाऊक असल्यामुळेच थोड्या उशिराने पुरावा नाहीसा होत नाही. फोनवरून वॉरंट मिळण्याची सोय आता झालेली आहे. खरोखर अडचण असेल तर पोलिसाने ती त्या प्रसंगापुरती दाखवावी, सरसकट सूट नाही. मला या खटल्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. त्या पोलिसाने साक्षीत कबूल केले की न्यायाधीश उपलब्ध नव्हते असे मानायला त्याच्याकडे काहीच कारण नव्हते. त्याला वॉरंटची गरजच वाटली नव्हती.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

साल १९८४. तालुक्याच्या गावी दहावीच्या परीक्षेला मी पर्यवेक्षक होतो. मार्चमधला उकाडा, बीजगणिताचा पेपर, आणि तिसऱ्या रांगेत एक मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेला. घामाने निथळत होता, पण बाह्या मनगटापर्यंत बटणे लावून बंद. मधूनच डावी बाही खाली ओढायचा. मला खात्रीच पटली की हातावर सूत्रे लिहून आणली आहेत. मी म्हटले, बाही वर कर. तो म्हणाला, नाही सर. माझा संशय दुप्पट झाला. घाम येत होता, दोन मिनिटांत शाई पुसली जाईल, पुरावा जाईल, असे माझ्या डोक्यात आले. मी त्याचा हात धरला आणि बाही कोपरापर्यंत ओढली.

हातावर एक अक्षर नव्हते. कोडाचे पांढरे डाग होते. सगळा वर्ग बघत होता.

केंद्रसंचालक दोन खोल्या पलीकडे बसले होते. मी त्यांच्याकडे जाऊन विचारले असते तर ते नको म्हणाले असते का? कोण जाणे, कदाचित हो म्हणाले असते. पण त्यांच्यासमोर उभे राहून मला कारण तोंडाने सांगावे लागले असते: "सर, उकाड्यात पूर्ण बाह्या घातल्यात, म्हणून संशय आहे." हे वाक्य मोठ्याने म्हणताना त्यातला पोकळपणा निदान माझ्या कानाला तरी ऐकू आला असता. वॉरंटचे मोल मला यातच दिसते. ज्याला संशय आला आहे त्याने हात घालण्याआधी तो संशय दुसऱ्या, त्रयस्थ माणसाला पटवून द्यायचा.

स्नेही म्हणतील, तुमच्या परीक्षेत कुणी मेले नव्हते. बरोबर आहे. अमेरिकेत दारूबाज चालकांमुळे वर्षाला दहा हजारांवर माणसे मरतात. म्हणून तिथल्या न्यायालयाने पोलिसांचे हात बांधून ठेवलेले नाहीत. २०१६ च्या बर्चफील्ड निकालाने अटकेनंतर श्वासाची चाचणी वॉरंटशिवाय घ्यायला मोकळीक दिली, कारण नळीत फुंकण्याने शरीराला इजा नाही. रक्तासाठी मात्र वॉरंट हवे, आणि रक्त द्यायला नकार दिला एवढ्यावरून शिक्षा करता येणार नाही. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते. फुंकर आणि सुई यांत फरक आहेच.

२०१९ च्या मिचेल निकालाशी मात्र माझे जुळत नाही. चालक बेशुद्ध असेल तर वॉरंटशिवाय रक्त घेणे बहुतेक वेळा चालेल, असे त्यात चार न्यायाधीशांनी म्हटले आणि त्यांच्या मताला वजन आले. बेशुद्ध माणूस फुंकू शकत नाही, हे खरे. पण तो 'नको'ही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी विचारायला नको का?

असे विचारणारी एक व्यक्ती होती. जुलै २०१७ मध्ये यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात भाजलेला, बेशुद्ध ट्रकचालक आणला गेला. पोलिसांच्या पाठलागातून पळणारी गाडी त्याच्यावर आदळली होती. तो संशयितही नव्हता. पोलीस अधिकारी रक्त मागू लागला. परिचारिकेने शांतपणे नियम वाचून दाखवला: रुग्णाची संमती, वॉरंट किंवा अटक, यांपैकी काहीतरी हवे. तिन्ही नव्हते. अधिकाऱ्याने तिलाच बेड्या घातल्या आणि ओढत बाहेर नेले. चित्रफीत बाहेर आल्यावर देशभर गदारोळ झाला. अधिकाऱ्याची नोकरी गेली, परिचारिकेला पाच लाख डॉलर भरपाई मिळाली. ती फक्त दोन खोल्या पलीकडे जाऊन विचारा, एवढेच सांगत होती.

आता आपल्याकडे. आपली मर्यादा अमेरिकेपेक्षा कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आणि अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी पोलिसाच्या विनंतीवरून, लागेल तेवढे वाजवी बळ वापरून करता येते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ मध्ये आहे. न्यायाधीशाला विचारण्याची अट नाही. म्हणजे स्नेह्यांना हवे ते आपल्याकडे आहेच! तरीही ती नळी बदलल्याचा आरोप झालाच ना?

वॉरंट असते तर ते टळले असते, असा माझा दावा नाही. वॉरंट नळीवर पहारा देत नाही. पण सुई टोचायचे बळ वाढवून काही साधत नाही, हे तरी त्यातून दिसावे. कमी पडतो तो त्रयस्थ डोळा. रक्त काढण्याआधी न्यायाधीशाला फोनवर कारण सांगा, वेळ नोंदवा, काढल्यावर नळीचा क्रमांक त्याच नोंदीत लिहा. खरेच वेळ नसेल तर का नव्हता ते दुसऱ्या दिवशी लेखी द्या. प्यालेला माणूस याने सुटणार नाही. न प्यालेला मात्र वाचेल, आणि श्रीमंताच्या मुलासाठी वेगळी नळी निघणेही थोडे अवघड होईल.

उद्या बाकावर हे सगळे सांगणार आहे. बाहीची गोष्टही सांगणार आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या मुलाने पेपर पुरा केला की नाही, हेही मी तेव्हा पाहिले नाही.