परक्या शहरातील पायपीट

शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी तेथे दोन-तीन वर्षे राहतो. परंतु तेवढ्याने त्याने ते शहर पाहिले, असे म्हणता येत नाही. राहण्याची खोली, महाविद्यालय आणि वाणसामानाचे दुकान यांपलीकडे पुष्कळांची धाव जात नाही. सुट्टीत चार प्रसिद्ध इमारती पाहिल्या, त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढली, की शहर पाहून झाले, असे ते समजतात. वास्तविक परके शहर कळते ते पायी हिंडणाऱ्यालाच.

लंडनचेच उदाहरण घ्यावे. तेथे १८६३ सालापासून जमिनीखालून आगगाडी धावते. हॅरी बेक या आरेखकाने तिच्या मार्गांचा सुटसुटीत नकाशा तयार केला. तो १९३३ साली लोकांच्या हाती आला आणि आजचा नकाशाही त्याच धर्तीचा आहे. गाडी कोठे बदलावी, हे त्यावरून चटकन समजते. मात्र नकाशा सोपा करताना बेकने मार्ग सरळ केले आणि स्थानकांमधील अंतरे खऱ्या प्रमाणात दाखविली नाहीत. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही लगतची दोन स्थानके. त्यांच्यामध्ये अवघे सुमारे २६० मीटर अंतर आहे! नवखा विद्यार्थी खाली उतरतो, गाडीची वाट पाहतो, पुन्हा वर येतो आणि आपण बरेच दूर आलो, असे मानतो. यात नकाशाचा दोष नाही; तो गाडीत बसणाऱ्यासाठीच काढलेला आहे. तीच वाट चालून जाणाऱ्याला नाट्यगृहांची वस्ती दिसते, आणि १९७४ सालापर्यंत जेथे भाजीपाल्याचा मोठा बाजार भरत असे, तो चौक थोड्याच मिनिटांत लागतो.

गांधीजी १८८८ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला निघाले, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. मांस खाणार नाही, असे वचन त्यांनी आईला दिले होते. ज्या घरी ते राहत, तेथील मालकीण भली होती. पण शाकाहारी पाहुण्याला काय वाढावे, हे तिला उमजत नसे, आणि आणखी पाव मागण्याचा पाहुण्याला संकोच वाटे. ऐन तारुण्यातली ती भूक! शहरात शाकाहारी उपाहारगृहे आहेत, एवढे तिच्याकडून कळताच गांधीजी त्यांच्या शोधात निघाले. रोज १०-१२ मैल, म्हणजे १६ ते १९ किलोमीटर, ते चालत. एखाद्या स्वस्त खाणावळीत पाव खाऊन पोट भरीत आणि अतृप्तच परत येत. असेच हिंडताना एकदा फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. दारापाशी काचेआड विक्रीची पुस्तके मांडलेली होती. त्यांतील हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक १ शिलिंगला विकत घेऊनच ते जेवायला आत गेले. इंग्लंडमधले ते त्यांचे पहिले मनाजोगते जेवण. आईला दिलेल्या शब्दाखातर पाळलेला शाकाहार त्या पुस्तकामुळे त्यांच्या स्वतःच्या विचाराचा झाला, आणि पुढे ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही गेले.

यावर कोणी म्हणेल, की ही तर पोटासाठी केलेली वणवण. हिला शहर पाहणे कसे म्हणावे? शंका रास्त आहे. परंतु भुकेची सोय झाल्यावरही गांधीजींनी चालणे सोडले नाही. खर्चाचा हिशेब मांडून त्यांनी मुद्दाम अशा ठिकाणी खोली घेतली, की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोहोचता यावे. गाडीभाडे वाचले, दररोज ८-१० मैलांची रपेट घडू लागली, आणि या सवयीमुळेच विलायतेत आपली प्रकृती चांगली राहिली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

अर्थात वाट फुटेल तिकडे, वेळी-अवेळी भटकणे हे शहाणपणाचे नव्हे. परमुलखात पत्ता जवळ असावा, अंधारापूर्वी परतावे आणि कोठे जातो ते सोबत्याला सांगून ठेवावे. आज मोबाइल वाट दाखवितो, ही सोय मोठी आहे. पण त्यावरील ठिपक्याकडेच पाहत चालणारा आणि भुयारातून जाणारा यांत फारसे अंतर उरत नाही.

विद्यार्थी असतानाच गांधीजी मोठे प्रदर्शन पाहण्यासाठी पॅरिसला गेले. तेथेही त्यांनी जवळ शहराचा नकाशा ठेवला आणि ७ दिवस बहुतेक पायीच फिरले. पुढे त्या प्रदर्शनाचा अवाढव्य विस्तार आणि विविधता यांखेरीज त्यांना काही आठवेना. आठवली ती जुनी प्रार्थनामंदिरे. बाहेर रस्त्यांवर गजबज आणि आत पाऊल टाकताच शांतता, हा फरक त्यांच्या मनावर ठसला होता. आयफेल मनोरा तेव्हा अगदी नवा होता. त्यावरही ते दोन-तीनदा चढले. आणि गाडीभाड्याची पै-पै वाचविणाऱ्या याच विद्यार्थ्याने मनोऱ्यावरील उपाहारगृहात एका जेवणासाठी ७ शिलिंग खर्च केले. एवढ्या उंचीवर जेवलो, असे चारचौघांत सांगता यावे, एवढ्यासाठीच!