माशाचे राहू द्या, जाळ्याचे पैसे द्याल?

बेसा चौकात कुणालाही विचारून पाहा, "व्हेल शार्क वाचवायला महिन्याला किती देणार?" आधी हसतील. मग म्हणतील, "समुद्र कुठं अन् आपण कुठं, भाऊ!" पण अर्थशास्त्रज्ञ हा प्रश्न खरंच विचारतात. बाजारात ज्याला भाव नाही, त्यासाठी लोक किती मोजायला तयार आहेत, हे ते यातून काढतात. जो प्राणी आपण कधी पाहणारही नाही, तो जगात असावा एवढ्यासाठीही बरेच जण 'देऊ' म्हणतात.

'देऊ' म्हणायला काय जातं?

वाघाचं सोपं आहे. पेंच-ताडोबाच्या जिप्सीला आपण हजारो रुपये देतो, कारण वाघ दिसेल अशी आशा असते. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. २००१ पासून त्यालाही वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. पण तो कोकणात जाळ्यात अडकला की सोडवायला अनेकदा जाळंच कापावं लागतं. फाटलेलं जाळं, हातची गेलेली मासळी, वाया गेलेलं डिझेल, बुडालेला दिवस. तुम्ही-आम्ही फॉर्मवर आकडा लिहितो. मच्छीमार तो खिशातून भरतो.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्याने यावर योजना आणली. संरक्षित सागरी जीव सोडताना जाळ्याचं नुकसान झालं, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई. सोडल्याचा फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा. योजना चांगलीच आहे, पण भरपाई जाळ्याची. बुडालेल्या दिवसाचं काय? माझ्या मते खलाशांची त्या दिवसाची मजुरीही त्यात धरायला हवी. हा सार्वजनिक पैसा आहे, त्यामुळे ही मागणी करायला समुद्रकाठीच राहायला हवं असं नाही. 'देऊ' म्हणणाऱ्यांनी आधी हे मागावं.

आणि स्वतःच्या खिशातून द्यायचे असतील, तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघा. तिथे पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी खाल्ली, विकली जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. आता पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावातल्याच घरांत राहतात, जेवतात आणि पैसे त्याच घरांना मिळतात. कॉलेजच्या ट्रिपसाठी दरवेळी गोवाच कशाला? मार्चमध्ये वेळासला जा. फक्त आसपास एसी हॉटेल शोधू नका, गावातच मुक्काम करा.