आधी हिशेब, मग दोष

किराण्याची वही आपण महिनाअखेर तपासतो. मोबाइलच्या डेटाचा हिशेब मात्र क्वचितच पाहतो. परवा आखातातील आमच्या चिरंजीवांशी चाललेला व्हिडिओ कॉल मध्येच तुटला, दिवसाचा १.५ जीबी डेटा सायंकाळीच संपला होता. मी धाकट्यांना रागे भरलो. मागाहून सेटिंग्जमधील ‘डेटा वापर’ उघडला. तेथे प्रत्येक अ‍ॅपचा खर्च निराळा मांडलेला असतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ पासून आहे. सर्वांत उधळे ठरले माझेच निरोपांचे अ‍ॅप. त्यात चित्रफिती आपोआप उतरत होत्या! ते उतरणे थांबविले, बिनगरजेच्या अ‍ॅप्सचा पार्श्वभूमीतील डेटाही बंद केला आणि मुलांची क्षमा मागितली. आता कॉल तुटत नाही.