विश्लेषण : आहारतज्ज्ञ होण्याचा दूरस्थ मार्ग बंद, गोसीखुर्दच्या मुलींपुढे पर्याय काय?

घरी राहून, नोकरी किंवा शेती सांभाळून आहारशास्त्राची पदवी घेण्याची सोय आता राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स यांसह आरोग्यसेवेशी संबंधित काही अभ्यासक्रमांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबवले. पुण्या-मुंबईतल्या विद्यार्थ्यांना याची झळ फारशी बसणार नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या परिसरात राहणाऱ्या मुलीसाठी मात्र गणित बदलले आहे.

निर्णय कशामुळे झाला?

याचे मूळ २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी आधीपासून परिषदा होत्या. आहारतज्ज्ञांसाठी तशी वैधानिक व्यवस्था नव्हती, त्यामुळे चार आठवड्यांचा कोर्स करूनही कुणी ‘डाएट एक्स्पर्ट’ म्हणवून घेऊ शकत होते. नव्या कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना आरोग्यसेवा व्यवसायांच्या यादीत घेतले. या कायद्यानुसार ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण लागते. रुग्णांशी संबंध येणारे शिक्षण फक्त पुस्तकावर होऊ नये, हा यामागचा विचार आहे.

आहारतज्ज्ञ कसे होता येते?

बारावीनंतर गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्रात पदवी, त्यानंतर दोन वर्षांची एमएस्सी किंवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, आणि सोबत रुग्णालयात इंटर्नशिप, असा रूढ मार्ग आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ (आरडी) ही ओळख मिळते. मात्र आरडी ही संघटनेची नोंदणी आहे. कायद्याखालची नोंदणी त्याहून वेगळी.

इंटर्नशिपला इतके महत्त्व का?

कारण रुग्णालयात आहार हा उपचाराचा भाग असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम किती चालेल, बेशुद्ध रुग्णाला नळीवाटे काय आणि किती द्यायचे, हे वॉर्डातच कळते. तीव्र कुपोषित बालकाचेच पाहा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. अशा बालकाची प्रकृती गुंतागुंतीची असेल तर त्याला एकदम पोटभर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी कमी ऊर्जेचे ‘एफ-७५’ दूध देतात आणि प्रकृती स्थिरावल्यावर ‘एफ-१००’ सुरू करतात.

गोसीखुर्दचा संबंध काय?

वैनगंगेवरच्या या धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. बुडीत क्षेत्रातल्या अनेक कुटुंबांना गाव आणि शेत सोडून पुनर्वसन वसाहतीत जावे लागले. शेत गेले की बांधावरची तूर आणि परसातली भाजी जाते. जे घरचे होते ते बाजारातून आणावे लागते.

हा भाताचा पट्टा आहे. इथल्या मधुमेही रुग्णाला ‘भात बंद, ओट्स खा’ असे सांगून उपयोग नाही. धानानंतर इथे लाखोळी पिकते. हीच डाळ मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो, म्हणून १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला होता. पूर्व विदर्भात सिकलसेलचेही रुग्ण आहेत. रुग्णाच्या ताटात काय असते हे ठाऊक असलेला आहारतज्ज्ञ इथे अधिक कामाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालके खुजी आहेत. म्हणजे काम भरपूर आहे.

अडचण कुठे आहे?

पदव्युत्तर शिक्षणासाठी या भागातल्या विद्यार्थ्यांना प्रामुख्याने नागपूर गाठावे लागते. फी, खोलीभाडे, मेस यांचा खर्च आणि त्यावर अनेक ठिकाणी विद्यावेतनाशिवाय होणारी इंटर्नशिप. दूरस्थ शिक्षणात निदान राहण्याचा खर्च वाचत होता. नियम रुग्णाच्या हिताचा आहे, पण त्याची किंमत गावातली मुलगी मोजते. तिने हा नाद सोडला, तर तिच्या भागातल्या रुग्णांना परक्या ताटाचे सल्ले मिळत राहतील.

मार्ग काय?

पुस्तकी शिक्षण नागपूरला आणि इंटर्नशिप जिल्ह्यात, असे करता येऊ शकते. भंडाऱ्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले. तिथले संलग्न रुग्णालय, पोषण पुनर्वसन केंद्र आणि ग्रामीण रुग्णालये इंटर्नशिपसाठी मान्य झाली आणि त्यासोबत विद्यावेतन मिळाले, तर खर्चाचा मोठा भाग कमी होईल. अनुभवी मार्गदर्शकाखाली काम हवे, ही अट मात्र सोडता येणार नाही. त्यासाठी जिल्ह्यातच आहारतज्ज्ञांची पदे भरावी लागतील.

तोवर प्रवेश घेणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : अभ्यासक्रम नव्या कायद्याच्या चौकटीत बसतो का, आणि इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात होणार? दुसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळत नसेल, तर फी भरण्याआधी थांबलेले बरे.